श्रद्धा, संशय आणि मनोबल : 'स्मृतिचित्रे' व पंडिता रमाबाईंची 'साक्ष' यांचा पुनर्विचार

प्रस्तावना

मराठी आत्मचरित्रवाङ्मयात लक्ष्मीबाई टिळकांच्या 'स्मृतिचित्रे'ला मानाचे स्थान आहे. १९३४ ते १९३७ या काळात चार भागांत प्रसिद्ध झालेल्या या ग्रंथाविषयी विपुल लिहिले गेले. मात्र त्या लेखनाचा भर प्रामुख्याने लेखिकेच्या साधेपणावर, विनोदबुद्धीवर आणि पतिपत्नीच्या विलक्षण संसारावर राहिला. दुसरीकडे, धार्मिक वाचकाने हा ग्रंथ धर्मांतराची यशोगाथा म्हणून वाचला. पहिल्या वाचनात श्रद्धा गौण ठरते, तर दुसऱ्यात ती प्रश्नापलीकडची ठरते. ख्रिस्ती श्रद्धेने या स्त्रीच्या मनाला संकटात उभे राहण्याचे बळ नेमके कसे दिले, हा प्रश्न दोन्ही वाचनांत निसटतो. 'स्मृतिचित्रे' आणि पंडिता रमाबाईंची १९०७ साली प्रसिद्ध झालेली 'साक्ष' यांच्या आधारे याच प्रश्नाचा विचार करणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

मनोबल : संकल्पना

मनोबल म्हणजे दुःखाचा अभाव नव्हे, तसेच निमूट सोसणेही नव्हे. आघातानंतर मोडून न पडता जगण्याची घडी पुन्हा बसविण्याची क्षमता, असा त्याचा अर्थ मानसशास्त्रात घेतला जातो. एमी वर्नर यांनी हवाई बेटसमूहातील कवाई येथे १९५५ साली जन्मलेल्या मुलांचा दीर्घकाळ अभ्यास केला. प्रतिकूल परिस्थितीत वाढलेल्या मुलांपैकी सुमारे एकतृतीयांश मुले पुढे समर्थ प्रौढ झाली. त्यांच्या वाट्याला निदान एका विश्वासू माणसाचा आधार आला होता, असे त्यांना आढळले. धर्माच्या संदर्भात केनेथ पार्गामेंट यांनी १९९७ च्या आपल्या ग्रंथात धर्माचा आधार घेण्याच्या रीतींचा विस्ताराने विचार केला. संकटात ईश्वराला सोबती मानणारी श्रद्धा आणि त्याला शिक्षा करणारा न्यायाधीश मानणारी श्रद्धा, या दोहोंचे मनावरील परिणाम सारखे नसतात. याचाच अर्थ असा की, श्रद्धा आहे की नाही यापेक्षा ती कोणत्या प्रकारची आहे, हा प्रश्न अधिक महत्त्वाचा ठरतो.

'स्मृतिचित्रे' : भय आणि विश्वास

'स्मृतिचित्रे'चा आरंभच एका आघाताने होतो. १८५७ च्या धामधुमीत लक्ष्मीबाईंच्या आजोबांना फाशी झाली. त्या घटनेचा धक्का त्यांच्या वडिलांनी असा घेतला की, सोवळेओवळे हाच त्यांच्या जगण्याचा केंद्रबिंदू झाला. बाजारातून आलेली वस्तू धुऊन घेण्याचा अट्टहास साऱ्या घराला वेठीस धरू लागला. लक्ष्मीबाई हे सारे हसतखेळत सांगतात, म्हणून वाचकही हसतो. परंतु या विनोदाखाली एका भयग्रस्त मनाचे अचूक चित्र आहे. जे जग हातात राहिले नाही ते निदान पाण्याने तरी शुद्ध ठेवावे, ही त्या मनाची धडपड आहे. धर्माचार येथे आधार न राहता भयाचा पहारेकरी झालेला दिसतो.

लेकीच्या वाट्यालाही आघात कमी आले नाहीत. अपत्यवियोग, पतीचा तापट व भटका स्वभाव, आणि १० फेब्रुवारी १८९५ रोजी नारायण वामन टिळकांनी घेतलेला बाप्तिस्मा. त्या काळी पतीच्या धर्मांतराचा अर्थ पत्नीसाठी जिवंतपणीचे वैधव्य असाच होता. सुमारे पाच वर्षे त्या लहान मुलाला घेऊन पतीपासून दूर राहिल्या. पुढे नगरला आल्यावरही त्यांनी आपले सोवळे व आपली चूल निराळी ठेवली. या काळात टिळकांनी त्यांच्यावर धर्मांतराची सक्ती केली नाही, ही बाब मनोबलाच्या दृष्टीने निर्णायक आहे. विचार करायला त्यांना अवधी मिळाला. संशय घेण्याचा अधिकार मिळाला. जातिभेद माणसानेच निर्माण केला आहे, या निष्कर्षावर त्या स्वतःच्या विचाराने आल्या आणि त्यानंतरच, १९०० साली, त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

वडील आणि लेक यांची ही दोन चित्रे शेजारी ठेवली की 'स्मृतिचित्रे'चे एक अंतःसूत्र स्पष्ट होते. वडिलांच्या धर्मात स्पर्शाचे भय वाढत गेले. लेकीच्या श्रद्धेत ते गळून पडले. दुष्काळाच्या दिवसांत ज्या घरात निराधार मुलांना थारा मिळाला, त्या घरात शुद्धाशुद्धतेला जागाच उरली नाही. पुढे बालकवी ठोमरेही या कुटुंबात राहून गेले. लक्ष्मीबाईंचे मनोबल एकांतातील प्रार्थनेइतकेच या गजबजलेल्या घरातून घडले आहे. दुसऱ्याला जेवू घालणारी व्यक्ती स्वतःच्या दुःखात बुडून राहू शकत नाही, हे सत्य त्या कोठेही उपदेश म्हणून मांडत नाहीत. ते त्यांच्या दिनक्रमातून दिसते.

त्यांचा विनोदही याच अंगाने पाहावयास हवा. तो केवळ शैलीचा अलंकार नाही. स्वतःच्या दुःखाकडे किंचित अंतरावरून पाहण्याची आणि त्याला आपल्यावर स्वार होऊ न देण्याची ती रीत आहे. टिळकांवर त्या मनसोक्त हसतात, स्वतःवर अधिक हसतात. ज्या श्रद्धेला स्वतःवर हसता येते ती भयावर उभी नसते, असे म्हणता येईल.

या श्रद्धेची भाषाही परकी नाही. तुकारामांच्या वाटेने आपण ख्रिस्तापर्यंत पोहोचलो, अशी टिळकांची भावना होती. १९१७ साली त्यांनी मिशनची नोकरी सोडून साताऱ्यात 'देवाचा दरबार' मांडला, तेव्हा बाप्तिस्मा झालेले व न झालेले अशा दोघांनाही त्यात स्थान होते. १९१९ मध्ये त्यांचे निधन झाले, तेव्हा 'ख्रिस्तायन' हे ओवीबद्ध काव्य अपुरे होते. शालेय शिक्षण न लाभलेल्या लक्ष्मीबाईंनी उरलेले चौसष्ट अध्याय रचून ते पूर्णत्वास नेले. वैधव्याच्या शोकाला त्यांनी दिलेले हे उत्तर होय. जात्यावरच्या ओवीतून स्त्रियांनी पिढ्यान्‌पिढ्या आपले दुःख हलके केले. तीच ओवी येथे नव्या श्रद्धेच्या कामी आली.

रमाबाईंची 'साक्ष' : आज्ञा आणि अनुभव

भयाचा धर्म एकाच परंपरेत असतो, असा निष्कर्ष वरील विवेचनातून काढणे मात्र चूक ठरेल. पंडिता रमाबाईंचे उदाहरण तो निष्कर्ष दुरुस्त करते. १८७४ च्या सुमारास दुष्काळात त्यांचे आईवडील व बहीण गेली. १८८० मध्ये भाऊ आणि १८८२ मध्ये पती गेले. २९ सप्टेंबर १८८३ रोजी त्यांनी इंग्लंडमध्ये वाँटेज येथे बाप्तिस्मा घेतला. परंतु त्यानंतर त्यांनी चर्चच्या अधिकारापुढे बुद्धी गहाण टाकली नाही. सिस्टर जेराल्डिन यांच्याशी झालेला त्यांचा पत्रव्यवहार १९७७ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाला. श्रद्धा स्वीकारली म्हणून विवेकाचे स्वातंत्र्य सोडावे लागत नाही, हा त्यांचा आग्रह त्यात ठायी ठायी दिसतो.

'साक्षी'त रमाबाई एक सूक्ष्म भेद करतात. ख्रिस्ती धर्म आपल्याला आधी मिळाला. प्रत्यक्ष ख्रिस्त अनेक वर्षांनी, १८९१ च्या सुमारास भेटला, असे त्या सांगतात. मते मान्य करणे आणि आधाराचा अनुभव येणे यांतले हे अंतर त्यांनी लपविले नाही. १८९३ मध्ये शारदा सदनावर धर्मांतराचा आरोप होऊन रानडे-भांडारकरांसारखे सल्लागार दूर झाले, मुली काढून नेण्यात आल्या. तरीही त्या खचल्या नाहीत. १८९६-९७ च्या दुष्काळात त्यांनी शेकडो निराधार मुली-स्त्रियांना आश्रय दिला आणि केडगावचे मुक्ती मिशन उभे राहिले. लहानपणी ज्या दुष्काळाने त्यांचे घर गिळले, त्याच दुष्काळाच्या तोंडातून इतरांना ओढून काढणे हे त्यांच्या जीवनाचे कार्य झाले. १९२१ मध्ये कन्या मनोरमा गेली. त्यानंतरही बायबलचे मराठी भाषांतर करीत राहून, एप्रिल १९२२ मध्ये मृत्यू येण्यापूर्वी त्यांनी ते पूर्ण केले.

मर्यादा

या दोन ग्रंथांवरून सरसकट विधान करताना काही मर्यादा ध्यानात घ्याव्या लागतात. एक, आत्मचरित्र हे तगून राहिलेल्याचे कथन असते. जे मोडून पडले त्यांचे ग्रंथ नसतात. दोन, दोन्ही लेखिका ब्राह्मण कुटुंबातल्या. महाराष्ट्रातील ख्रिस्ती समाजाचा मोठा भाग मात्र दलित जातींतून आला. त्यांची साक्ष ग्रंथांपेक्षा भजनांत व मौखिक आठवणींत विखुरलेली आहे. मराठवाड्यापुरते बोलायचे तर जालन्याजवळ नारायण शेषाद्री यांनी वसविलेले बेथेल हे गाव या दृष्टीने विचारात घ्यावयास हवे. तेथे नव्या श्रद्धेबरोबर वस्तीला जमीन व मुलांना शाळा मिळाली. मनोबलाला पोट आणि प्रतिष्ठा यांचाही पाया लागतो, हे त्या गावाच्या इतिहासातून उमगते. तीन, दोघींनाही संस्थांचे पाठबळ होते. त्यामुळे एकट्या श्रद्धेचे फळ वेगळे काढून दाखविणे शक्य नाही, आणि तसा प्रयत्न करणेही योग्य नाही.

समकालीन संदर्भ

३० सप्टेंबर १९९३ चा किल्लारीचा भूकंप, वारंवार पडणारे दुष्काळ, शेतकऱ्यांच्या आत्महत्या आणि स्पर्धा परीक्षांचा ताण या साऱ्यांचे पडसाद लातूर-नांदेड परिसरातील वर्गखोल्यांत उमटतात. जळकोटसारख्या तालुक्याच्या ठिकाणी विद्यार्थ्याला प्रथम भेटणारा जाणता माणूस बहुधा प्राध्यापकच असतो. अशा वेळी 'देवावर श्रद्धा ठेव आणि सहन कर' हा सल्ला सहज दिला जातो. वरील ग्रंथांची साक्ष या सल्ल्याच्या विरुद्ध आहे. त्याचप्रमाणे विद्यार्थ्याच्या श्रद्धेला अंधश्रद्धा म्हणून झटकून टाकणे हेही त्याचा एक आधार काढून घेण्यासारखे आहे. २०२० साली उस्मानाबाद येथील अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी भूषविले. मराठी ख्रिस्ती साहित्य हे मुख्य प्रवाहाचेच अंग आहे, याची जाण त्यामुळे मराठवाड्यात दृढ झाली. हे साहित्य अभ्यासक्रमात शिकविताना त्यातील श्रद्धेचा प्रश्न टाळून केवळ शैलीवर बोलणे आता पुरेसे नाही.

निष्कर्ष

१. 'स्मृतिचित्रे' व 'साक्ष' यांत मनोबल देणारी श्रद्धा ही संशयाला अवधी देणारी आहे. सक्तीने किंवा आज्ञेने आलेली श्रद्धा तसे बळ देताना दिसत नाही.

२. भयावर उभा असलेला धर्माचार मन आकसून टाकतो. ही प्रवृत्ती कोणत्याही धर्मात आढळू शकते.

३. ईश्वरावरील विश्वास इतरांच्या सेवेत उतरला, तेथेच तो टिकाऊ मनोबलात रूपांतरित झाला.

४. मातृभाषेतील परिचित रूपांनी, ओवी-अभंगांनी, नव्या श्रद्धेला घरपण दिले आणि शोकाला वाट करून दिली.

५. श्रद्धा हा माणसांच्या, भाकरीच्या किंवा उपचाराच्या आधाराला पर्याय ठरत नाही. खचलेल्या विद्यार्थ्याला समुपदेशकाकडे नेणे आणि त्याची प्रार्थना आदराने ऐकून घेणे, ही दोन्ही कामे शिक्षकाला एकाच वेळी करावी लागतील.