दगडफूल, शैवाक आणि जातिनाम : एक चिकित्सा

राधानगरीच्या अभयारण्यातील जांभ्याच्या सड्यांवर उघड्या खडकाचे अंग करड्या, पांढुरक्या, पिवळट डागांनी भरलेले असते. हे डाग सजीव आहेत. तथापि मराठी बोलीने त्यांना स्वतंत्र नाव दिलेले नाही. ज्याला नाव मिळाले ते 'दगडफूल' कोल्हापूरच्या बाजारात मसाल्याच्या जिनसांत विकले जाते, आणि तेही बहुधा झाडाच्या सालीवरून काढलेले असते. फूल तर ते नव्हेच. अमरकोशात 'शैलेय' व 'अश्मपुष्प' हे पर्याय एकत्र येतात. दगडफुलाची घडण त्याच कल्पनेवर झालेली आहे. लोकव्यवहाराने वस्तू ओळखली ती वासावरून व उपयोगावरून. शास्त्रीय वर्गीकरणाची अपेक्षा तिच्याकडून करणे अन्यायाचे होईल.

शास्त्रीय परिभाषेतील 'शैवाक' या शब्दाबाबत मात्र अधिक कठोर व्हावे लागते. शैवल आणि कवक यांचे तुकडे जोडून तो सिद्ध झाला आहे, आणि श्वेंडेनर याने १८६० नंतरच्या दशकात मांडलेले द्वैत त्यात नेटके उतरले आहे. दोष आहे तो समान भागीदारीच्या सूचनेत. १९५० च्या स्टॉकहोम परिषदेपासून नामकरणाचा नियम असा की, शैवाकाला दिलेले नाव त्यातील कवकाचेच समजावे. शैवलाचे नाव वेगळे. ट्रेबूक्सिया या एकाच प्रजातीतील शैवले कितीतरी भिन्न कवकांच्या आश्रयाला आढळतात. म्हणून 'शैवाकाची नवी जाती' म्हणजे वस्तुतः कवकाची नवी जाती. शब्दाच्या व्युत्पत्तीवर विसंबणारा विद्यार्थी नेमका येथेच फसतो.

लिनीयसने १७५३ मध्ये सुमारे ८० जाती 'लायकेन' या एकाच प्रजातीत कोंबल्या होत्या. आकारियसने ती गाठ सोडविली. १८६६ मध्ये नायलँडरने कॉस्टिक पोटॅश व विरंजक चूर्ण यांच्या थेंबाने उमटणारा रंग हे लक्षण मानले, आणि बाह्यरूपाची सत्ता कायमची ढळली. आज बीजाणू, रासायनिक द्रव्ये व डीएनए यांची साक्ष काढल्यावाचून नव्या जातीचा दावा टिकत नाही.

खडकावरील बहुसंख्य जातींच्या देहासाठी 'खपली' हा शब्द सहज सुचतो. पण खपली निघते. हे निघत नाही. छिन्नीने खडकाचा कपराच काढून आणावा लागतो, आणि संग्रहालयात आदर्श नमुना म्हणून जपला जातो तो हा दगडासकट. 'पुट' हा शब्द येथे अधिक सार्थ वाटतो. पानासारख्या व झुडपासारख्या देहांची अडचण नाही, ते नजरेत भरतात. अवस्थी यांनीही मोठ्या शैवाकांची निर्णयसूची १९८८ मध्ये दिली. सूक्ष्म शैवाकांची, जिच्यात पुटांचा मोठा भरणा आहे, १९९१ मध्ये आली.

निर्णयसूची ही अखेर भाषेचीच रचना होय : परस्परविरोधी विधानांच्या जोड्या, आणि प्रत्येक जोडीत एका विशेषणावर सारा निर्णय. 'करडा' व 'राखी' यांत भेद न करणारी टिपणवही तेथे निरुपयोगी ठरते. नव्या कवकाचे प्रमाण वर्णन १९३५ पासून लॅटिनमध्येच द्यावे लागे. २०१२ पासून इंग्रजीही चालते. मराठीतील वर्णनाने नाव सिद्ध होत नाही. पण सड्यावर केलेली नोंद मराठीत असू शकते, आणि तिच्यात केवळ 'खडकावर' असे लिहिलेले असेल तर ती अपुरी आहे. जांभा सच्छिद्र व लोहयुक्त, काळा पाषाण घट्ट. राधानगरीच्या परिसरात दोन्ही आहेत, आणि मराठीत दोहोंना नावेही आहेत.