परत बोलाविलेल्या मोटारी आणि वृत्ताचे व्याकरण

मोटारीतील दोषाचे वृत्त व्यापाराच्या पानावर छापावे की अपघाताच्या, हा प्रश्न वरवर पाहता संपादकाच्या सोयीचा वाटतो. वस्तुतः तो अर्थनिर्णयाचा प्रश्न आहे. एखाद्या घटनेस आपण कोणते नाव देतो यावर तिची निकड आणि तिचा कर्ता ठरत असतो. अमेरिकेतील जनरल मोटर्स कंपनीच्या इग्निशन स्विचचे प्रकरण या दृष्टीने तपासण्याजोगे आहे. कंपनीचा अप्रामाणिकपणा आणि सरकारी शैथिल्य यांची चर्चा पुष्कळ झाली. वृत्तपत्रांनी जी भाषा उसनी घेतली तिची त्या मानाने थोडीच झाली.

प्रथम कायद्याविषयी. राल्फ नेडर यांचे ‘अनसेफ ॲट एनी स्पीड’ हे पुस्तक १९६५ मध्ये प्रसिद्ध झाले; त्यातील पहिले प्रकरण याच कंपनीच्या कोर्व्हेर मोटारीवर होते. पुढच्याच वर्षी अमेरिकेत वाहनसुरक्षेचा कायदा झाला. या कायद्याच्या व्यवहारात ‘डिफेक्ट’ हा शब्द केवळ वर्णनपर राहत नाही. आपल्या वाहनात सुरक्षेशी संबंधित दोष आहे असे कंपनीने एकदा ठरविले की, कामकाजाच्या पाच दिवसांत तसे सरकारला कळविण्याचे बंधन तिच्यावर येते. ऑस्टिन यांनी ज्या उक्तींना कृतीचे सामर्थ्य असते असे दाखविले, त्यांच्या जवळपास जाणारा हा शब्द आहे. तो उच्चारणे हे जसे काही करणे होय, तसेच तो उच्चारला जाऊ नये अशी तजवीज करणे हेही काही करणेच ठरते.

ती तजवीज झालेली होती. कंपनीने २००८ मध्ये अभियंत्यांकरिता केलेल्या एका सादरीकरणात ६९ शब्द व शब्दप्रयोग टाळावेत असे सुचविले होते. मे २०१४ मध्ये सरकारशी झालेल्या समझोत्यात हा कागद उघड झाला. कंपनीस साडेतीन कोटी डॉलर दंडही झाला. वृत्तपत्रांनी यादीतील ‘टायटॅनिक’, ‘हिंडेनबर्ग’, ‘चाकांवरची शवपेटी’ अशा भडक शब्दांवरच झडप घातली व त्यांवर यथेच्छ विनोद केला. मला ही मोठी चूक वाटते. असले शब्द एखादा अभियंता रागाच्या भरात कधीमधी लिहील. खरी हानी केली ती साध्या शब्दांच्या हकालपट्टीने. ‘दोष’ म्हणू नये, ‘रचनेनुसार कार्य करीत नाही’ म्हणावे. ‘प्रॉब्लेम’ऐवजी ‘बाब’ किंवा ‘स्थिती’ म्हणावे. खुद्द ‘सेफ्टी’ हा शब्दही त्याज्य ठरला होता. विनोद करणाऱ्यांच्या लक्षात हे आले नाही की, यादीने सुचविलेली ‘इश्यू’सारखी सौम्य नामे ते स्वतःच बातमीत रोज वापरीत होते.

मूळ दोष समजावयास सोपा आहे. स्विच फिरविण्यास लागणारा जोर कंपनीच्या स्वतःच्या प्रमाणापेक्षा कमी होता. जुडग्याच्या भाराने किंवा गुडघ्याच्या धक्क्याने किल्ली मागे सरके, एंजिन बंद पडे, स्टिअरिंग व ब्रेक यांचे यांत्रिक साहाय्य जाई आणि ऐन अपघातात एअरबॅग उघडत नसे. यांपैकी एंजिन बंद पडण्याचा भाग गुप्त नव्हता. शेव्हरले कोबाल्ट ही मोटार धावता-धावता बंद पडते, हे २००५ मध्येच न्यूयॉर्क टाइम्ससह काही वृत्तपत्रांनी छापले होते. त्यासोबत कंपनीचे निवेदनही आले. क्वचित प्रसंगी, अनेक कारणे जुळून आली असता, चालक नकळत किल्लीस धक्का देऊन एंजिनाची शक्ती तोडू शकतो; तथापि मोटार नियंत्रणात राहते, असा त्याचा आशय होता.

या वाक्याचा कर्ता पाहावा. मराठीत ‘पडणे’ आणि ‘पाडणे’ यांतील एका काना-मात्रेचे अंतर आपण विद्यार्थ्यांना प्रयोजक क्रियापदांच्या धड्यात शिकवितो. ‘एंजिन बंद पडते’ या वाक्यात प्रश्न यंत्राचा आहे. ‘चालक एंजिन बंद पाडतो’ या वाक्यात तो माणसाच्या गुडघ्याचा होतो. निवेदनाने ‘पडणे’चे ‘पाडणे’ केले आणि वृत्तपत्रांनी ते तसेच वाचकांपुढे ठेवले. डिसेंबर २००५ मध्ये विक्रेत्यांना पाठविलेल्या पत्रकातही ग्राहकांनी जुडग्यातील अनावश्यक वस्तू काढाव्यात असाच सल्ला होता. एंजिन ‘बंद पडणे’ या अर्थाचा रूढ इंग्रजी शब्द त्या पत्रकात हेतुपुरस्सर टाळला होता, कारण तो सरकारचे लक्ष वेधून घेई. २०१४ च्या अंतर्गत चौकशी अहवालात हे नोंदलेले आहे. हा सारा प्रकार कंपनीत ‘ग्राहकाची सोय’ या सदराखाली मोडत होता, हेही त्याच अहवालावरून कळते. ज्या सदरात तक्रार बसविली, त्या सदराच्या गतीने ती चालली.

आणखी एक गोष्ट भाषाभ्यासकाने विसरू नये. २००६ मध्ये स्विच सुधारण्यात आला, परंतु सुट्या भागाचा क्रमांक बदलला नाही. दोन भिन्न वस्तूंना एकच नाव राहिल्यामुळे विशिष्ट वर्षानंतर अपघात का घटले, हे पुढे कित्येक वर्षे कंपनीतील तपासणाऱ्यांनाही उलगडेना. एका दाव्यातील फिर्यादी पक्षाच्या अभियंत्याने जुना व नवा स्विच उघडून शेजारी ठेवला, तेव्हा तो उलगडला.

या सर्व नामकरणाच्या बाहेर असलेला एक लेखक होता. विस्कॉन्सिन राज्यात ऑक्टोबर २००६ मध्ये कोबाल्टच्या अपघातात दोन तरुण मुली मृत्यू पावल्या. राज्य पोलिसांच्या फेब्रुवारी २००७ च्या अहवालाने किल्ली ‘ॲक्सेसरी’ स्थितीत होती व त्यामुळेच एअरबॅग उघडल्या नसाव्यात, असा संबंध सरळ जोडला होता. त्यास कोणतीही यादी पाळावयाची नव्हती. तो अहवाल सरकारी दप्तरी व कंपनीतही पोहोचला. मोटारी परत बोलाविण्यास मात्र फेब्रुवारी २०१४ उजाडला.

त्यानंतर वृत्तांचा पूर आला. त्या एका वर्षात कंपनीने जगभर सुमारे ३ कोटी वाहने परत बोलाविली. संख्या वाढत गेली तसतसा प्रत्येक बातमीचा अर्थ पातळ होत गेला. प्राणघातक स्विच आणि किरकोळ दुरुस्ती एकाच मथळ्याच्या साच्यात बसू लागली. त्या वर्षी अमेरिकेतील कंपनीची विक्री घटली नाही, उलट वाढली. दुसऱ्या टोकाचा दोषही वृत्तमाध्यमांच्या पदरी आहेच. १९९२ मध्ये एनबीसीने याच कंपनीच्या ट्रकचा स्फोट दाखविताना आग पेटविणारी साधने बसविली होती आणि १९९३ मध्ये तिला जाहीर क्षमा मागावी लागली. तथापि खोट्या ज्वाळेचा खोटेपणा उघडकीस येतो; ‘बाब’ आणि ‘स्थिती’ यांचा खोटेपणा पकडण्यास दीर्घ काळ लागतो.

आपली ‘कंपनीने मोटारी परत मागविल्या’ ही मथळ्याची रूढ पद्धतही निर्दोष नाही. मोटार परत जात नाही. धन्याने ती कारखान्यात नेऊन भाग फुकट बदलून घ्यावयाचा असतो. ‘मागविल्या’ म्हटले की कर्तव्य कंपनीचे व ते पार पडले, असा भास होतो. भारतात २०१९ च्या मोटार वाहन दुरुस्ती कायद्याने सरकारला असा आदेश देण्याचा अधिकार मिळाल्यामुळे हा मथळा यापुढे अधिकच वाचावयास मिळेल. ‘दोष आढळला, मोटार दुरुस्त करून घ्या’ असे लिहिण्यास जागा थोडी अधिक लागते इतकेच.

मृतांच्या मोजणीतही शब्दार्थच निर्णायक ठरला. कंपनीने प्रारंभी १३ मृत्यू मान्य केले. नुकसानभरपाईच्या निधीने पुढे १२४ मृत्यूंचे दावे स्वीकारले. समोरून झालेली धडक आणि पुढच्या आसनावरील, एअरबॅग न उघडलेली व्यक्ती, अशी कंपनीची मोजणीची व्याख्या होती. विस्कॉन्सिनच्या त्या दोन मुलींपैकी एकच त्या १३ मध्ये आली. दुसरी मागच्या आसनावर बसलेली होती.