उसना चेहरा आणि सोन्याचा कस

प्राचीन नाण्यांचा विचार करतांना ‘रानटी नक्कल’ एवढा शेरा मारून पुष्कळ टीकाकार मोकळे होतात. पांचव्या व सहाव्या शतकांत गॉथ, बर्गंडी, फ्रँक या जर्मानिक लोकांनीं पाडलेल्या सुवर्णनाण्यांच्या वांट्यास हा शेरा विशेष आला आहे. आमच्या मतें तो अर्धाच खरा आहे.

नक्कल होती, हें नाकारण्याचें कारण नाहीं. पश्चिमेकडील रोमन साम्राज्य इ. स. ४७६ त लयास गेलें. तरी या राजांचें सोनें कॉन्स्टँटिनोपलच्या बादशहाच्याच नांवानें पडत राहिलें. इटलीचा अधिपति थिओडोरिक यानें रुप्याच्या नाण्यावर आपल्या नांवाचीं अक्षरें गुंफलीं. सोन्यावर मात्र बादशहा अनास्टॅशियसचेंच मुखचित्र व नांव मिरवलें. व्हिजिगॉथांच्या ट्रेमिसिसवर, म्हणजे सॉलिडसच्या तृतीयांश नाण्यावर, हार घेतलेली विजयदेवता नकलेची नक्कल होतां होतां शेवटीं किड्यासारखी दिसूं लागली.

परंतु याचें खापर केवळ कारागिराच्या अडाणीपणावर फोडतां येत नाहीं. तीन सॉलिडसांच्या वजनाचें थिओडोरिकचें एक सुवर्णपदक उपलब्ध आहे. त्यावर त्याचें स्वतःचें मुखचित्र मोठ्या ठसठशीतपणें उमटलें आहे. हात होता, अडचण बाजाराची होती. फ्रँकांचा राजा थ्युडेबर्ट यानें सोन्यावर स्वतःचें नांव घातलें, तेव्हां इतिहासकार प्रोकोपियस संतापला. इराणच्या राजालाही सोन्यावर आपला चेहरा घालतां येत नाहीं, घातला तर व्यापारी तें नाणें घेणार नाहींत, असें त्याचें म्हणणें. त्यांतील अतिशयोक्ति वगळली तरी मर्म उरतेंच : लोक ओळखीच्या चेहऱ्यावर विश्वास ठेवीत.

खरा दोष निराळाच आहे. बादशाही नाण्याच्या तळाशीं ‘कॉनॉब’ हीं अक्षरें असत. कॉन्स्टँटिनोपल व शुद्ध सोनें यांचा तो संक्षेप. नकलकारांनीं तीं इमानानें उचललीं. सोन्याचा कस मात्र सर्वांनींच राखला नाहीं. पुऱ्या वजनाचा सॉलिडस नाकारूं नये, असें बादशहा मेजोरियन यानें ४५८ त वसुली अधिकाऱ्यांस बजावलें. त्यांतून गॉलचा सॉलिडस तेवढा वगळला, कारण त्याचें सोनें हलकें ठरे. बर्गंडी कायद्यानेंही कांहीं नाणीं नांवें घेऊन नाकारलीं.

पुढें व्हिजिगॉथ राजा लिओविगिल्ड (५६८–५८६) यानें सोन्यावर स्वतःचें नांव आणलें. पण सातव्या शतकांत त्याच्यामागून आलेल्या राजांच्या नाण्यांचा कस उतरतच गेला. नांव अस्सल झालें आणि सोनें हिणकस ! म्हणून टीकाकारानें चेहरा कोणाचा हें अवश्य पाहावें. पण निकाल देण्यापूर्वीं नाणें कसोटीवर घासण्यास विसरूं नये.