अनोळखी मांडव आणि भामिनीचा शालू

ऑफिसातल्या आम्हा चौघांचा एक हौशी बँड आहे. एका वर्षी कोल्हापुरातल्या एका गल्लीत गणपतीच्या मांडवात गायचं बोलावणं आलं. मी स्प्रेडशीट उघडली, प्रत्येक गाण्याला गुण दिले, यादी लावली. बँड कसा एकसारखा दिसला पाहिजे, म्हणून चौघांनी काळे टी-शर्ट घातले. पहिलंच गाणं संथ, आम्हाला जीव की प्राण असलेलं. तिसऱ्या गाण्यापर्यंत निम्म्या खुर्च्या रिकाम्या. खाली उतरलो तर एक आजी म्हणाल्या, "गणपतीपुढं काळं घालून आलायसा व्हय रं?"

परतताना माझं निदान तयार होतं: डेटा कमी पडला. समोर कोण बसणार हे आधी कळलं असतं, तर गाणी आणि कपडे बरोबर निवडले असते. हे निदान चुकलं होतं, हे मला एका शंभर वर्षं जुन्या नाटकामुळे समजलं.

८ जुलै १९२१ रोजी मुंबईत 'संयुक्त मानापमान'चा प्रयोग झाला. टिळक स्वराज्य फंडासाठी गंधर्व नाटक मंडळी आणि ललितकलादर्श या दोन प्रतिस्पर्धी कंपन्या एकत्र आल्या. बालगंधर्व भामिनी, तर कोल्हापूरचे केशवराव भोसले धैर्यधर. एकाचं गाणं लडिवाळ आणि गोड, दुसऱ्याचं धारदार आणि चढं. दोघांचेही भक्त कट्टर. म्हणजे त्या रात्री प्रत्येकासमोरचा बराच प्रेक्षक दुसऱ्याचा होता. अनोळखी म्हणण्यापेक्षाही अवघड, कारण तो तुलना करायलाच आलेला.

या गोष्टीत आपण नेहमी जुगलबंदी बघतो. मला त्यात आणखी एक गोष्ट दिसते. गाणी निवडायची मुभा दोघांनाही नव्हती. कृ. प्र. खाडिलकरांचं नाटक १९११ साली रंगभूमीवर आलं होतं, गोविंदराव टेंब्यांच्या चाली लोकांना पाठ झाल्या होत्या. यादी पक्की, क्रम पक्का. मोकळं होतं ते एवढंच: एखादं पद किती खुलवायचं, कुठे थांबायचं, वन्समोअर आला तर दुसऱ्यांदा वेगळं काय करायचं. निवड घरी बसून होत नव्हती, समोरच्या माणसाकडे बघत होत होती. माझ्या स्प्रेडशीटमध्ये नेमका हाच रकाना नव्हता.

कपड्यांचं काय? बालगंधर्वांच्या भरजरी शालूंवर आणि अत्तरावर झालेल्या खर्चाच्या कथा सगळ्यांना ठाऊक आहेत, आणि कंपनीवरच्या कर्जाच्याही. त्यामुळे ती हौस म्हणजे उधळपट्टी, असा निकाल आपण पटकन देतो. पण 'मानापमान'पुरता तो मला पटत नाही. या नाटकाचा विषयच कपडे आणि पैसा आहे. श्रीमंत भामिनी गरीब सेनापती धैर्यधराला झिडकारते, तिला दागिन्यांनी मढलेला लक्ष्मीधर बरा वाटतो. मग वनमाला नावाच्या साध्या मुलीचं सोंग घेऊन ती धैर्यधराला ओळखते. आधीचा थाट डोळ्यांत भरला नाही, तर नंतरच्या साधेपणाला वजन कुठून येणार? इथे झगमगाट हा युक्तिवादाचा भाग आहे. लोक फक्त शालू बघायला येऊ लागले की मात्र तोच युक्तिवाद उलटतो. नाटक दागिन्यांना हसतं आणि प्रेक्षागृह दागिन्यांना टाळ्या देतं. हा दोष मला मान्य आहे.

त्या काळात कापडाला अर्थही किती होता बघा. या प्रयोगानंतर २३ दिवसांनी, ३१ जुलैला, त्याच मुंबईत परळला गांधीजींनी विदेशी कापडाची होळी पेटवली. कोण काय नेसलंय हा प्रश्न रंगमंचापुरता उरलाच नव्हता.

बालगंधर्वांची खरी परीक्षा पुढे झाली. कोल्हापुरात सुरू होऊन पुण्याला गेलेल्या प्रभातच्या 'धर्मात्मा'त (१९३५) त्यांनी शालू बाजूला ठेवून संत एकनाथ साकारले. मग कोल्हापूरच्याच बाबूराव पेंटरांच्या 'साध्वी मीराबाई'त (१९३७) पुन्हा स्त्रीवेश घेतला. एकदा वेश बदलून बघितला, एकदा जुनाच वेश ठेवून. सिनेमात त्यांचा जम बसला नाही तो नाहीच, ते रंगभूमीकडे परतले. कारणं बरीच असतील, पण मला एक मोठं वाटतं: कॅमेरा वन्समोअर देत नाही. तो अनोळखी असतो आणि शेवटपर्यंत अनोळखीच राहतो. मांडवातली माणसं तशी नसतात, दोन गाण्यांत ती ओळखीची होऊ शकतात. आम्ही ती संधीच दिली नाही. डोळे मिटून गात राहिलो.

केशवराव त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये गेले, वयाच्या अवघ्या एकतिसाव्या वर्षी. शाहू महाराजांनी बांधलेलं कोल्हापूरचं पॅलेस थिएटर पुढे त्यांच्या नावाचं झालं. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री, त्यांच्या जयंतीच्या आदल्या दिवशी, ते आगीत सापडलं. त्या थिएटरला लागूनच खासबागेचं कुस्ती मैदान आहे. एकीकडे तानेला दाद, पलीकडे डावाला, आणि प्रेक्षक एकाच गावचा. 'कुस्तीवाला प्रेक्षक' आणि 'नाटकवाला प्रेक्षक' असे गट पाडून याद्या करणाऱ्या माझ्यासारख्याने तिथे एकदा उभं राहावं.

प्रेक्षकाला आवडेल तेच द्यावं, असा याचा अर्थ मी काढत नाही. ते काम आपल्या फोनमधली ॲप्स करतातच, आणि त्यात नवीन काही कानावर पडत नाही. आधी त्यांच्या ओळखीचं गाऊन ओळख करून घ्यावी, मग आपलं गाणं पुढे करावं. पुन्हा बोलावणं आलं तर पहिली दोन गाणी त्या गल्लीला पाठ असलेली, आणि तिसरं आमचं तेच संथ गाणं. ते मी सोडणार नाही.

काळे टी-शर्ट मात्र घरी राहतील. आजींचं बरोबर होतं.