ध्वनीची ऊब आणि तिची प्रतिकृती : एक चिकित्सा

प्रस्तावना

कर्जत आणि खालापूर हे रायगड जिल्ह्यातील घाटपायथ्याचे दोन तालुके. ध्वनिमुद्रणाचा विचार करताना त्यांची आठवण सहसा होत नाही. तथापि दोन कारणांनी ती व्हावयास हवी. खालापूर तालुक्यातील खोपोलीचे टाटा जलविद्युत केंद्र १९१५ साली सुरू झाले आणि कर्जत तालुक्यातील भिवपुरीचे केंद्र १९२२ साली. घाटमाथ्यावरील पाण्यापासून निर्माण झालेली ही वीज मुंबईच्या गिरण्यांना आणि पुढे शहरालाही मिळत गेली. दुसरे कारण अलीकडचे आहे. कलादिग्दर्शक नितीन देसाई यांनी २००५ साली चौक-कर्जत परिसरात एन. डी. स्टुडिओ उभारला. ‘जोधा अकबर’ (२००८) या चित्रपटातील मोगल वैभव याच भूमीवर लाकूड आणि प्लास्टर यांतून साकारले. पहिल्या घटनेने यंत्रांना वीज दिली, तर दुसरीने गतकाळ नव्याने उभा करण्याचे कौशल्य दिले.

संगीतमिश्रणात आज सर्रास वापरली जाणारी ‘ॲनालॉग ऊब’ देणारी प्लगइन या दोन्ही गोष्टींशी नाते सांगतात. ती जुन्या विद्युत यंत्रांच्या वर्तनाची नक्कल करतात आणि त्या नकलेतून श्रोत्यासमोर गतकाळ उभा करतात. ही ऊब नेमकी कशाची बनलेली असते, तिचा उपयोग कोठवर रास्त ठरतो आणि कोठे ती श्रोत्याची दिशाभूल करते, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

ऊब म्हणजे काय?

निर्वात नलिका, रोहित्र किंवा चुंबकीय ध्वनिफीत यांतून ध्वनिसंकेत जातो तेव्हा तो जसाच्या तसा बाहेर पडत नाही. संकेत प्रबळ झाला की यंत्र त्याची शिखरे किंचित दाबते. या दाबण्यातून मूळ स्वराच्या दुप्पट, तिप्पट, चौपट वारंवारतेचे नवे उपस्वर निर्माण होतात. फीत याखेरीज अतितार स्वर थोडे बोथट करते आणि खालचा खर्ज काहीसा उचलून धरते. शिवाय तिची स्वतःची सूक्ष्म सळसळ आणि गतीतील किंचित कंप असतात. या सर्वांना अभियांत्रिकीच्या भाषेत विरूपण म्हणतात. म्हणजे ज्याला ‘ऊब’ हे गौरवाचे नाव मिळाले आहे तो मुळात यंत्राचा दोष आहे. एके काळी अभियंत्यांनी तो कमी करण्यासाठी परिश्रम घेतले. संगणकीय ध्वनिमुद्रणात तो जवळजवळ नाहीसा झाल्यावर त्याची उणीव भासू लागली.

१९९६ साली स्टाईनबर्ग कंपनीने व्हीएसटी ही व्यवस्था आणली आणि संगणकातील ध्वनिमुद्रणाला अशी छोटी सॉफ्टवेअर जोडणे सुलभ झाले. आज फीत, नलिका, जुनी मिश्रणमेजे या सर्वांच्या प्रतिकृती उपलब्ध आहेत. वेव्हज कंपनीच्या अनेक प्लगइनमध्ये जुन्या यंत्राची विद्युत घरघरही पुरवलेली असते आणि ती ५० हर्ट्झची हवी की ६० हर्ट्झची, हे निवडण्याची सोय असते. पहिली भारत व युरोपातील वीजपुरवठ्याची वारंवारता, दुसरी अमेरिकेतील. जी घरघर घालविण्यासाठी पूर्वीचे तंत्रज्ञ रात्री जागवीत, ती आज निवडीची बाब झाली आहे.

जवारीचा दाखला

ध्वनीतील दोषाला गुण मानण्याची ही वृत्ती पाश्चात्त्यांकडून आली असे समजणे चुकीचे ठरेल. आपल्या तंबोऱ्याची जवारी हा तिचा जुना आणि अधिक परिपक्व आविष्कार आहे. तंबोऱ्याची घोडी किंचित वक्र असते. तार तिच्यावर चाटत राहते आणि सुताच्या सूक्ष्म सरकण्याने ते चाटणे नेमके जुळविले जाते. सी. व्ही. रामन यांनी १९२१ साली दाखवून दिले की, अशा घोडीमुळे तारेच्या कंपनातील जे उपस्वर नेहमीच्या नियमानुसार उमटू नयेत, तेही उमटतात. खर्जाच्या तारेतून गांधार ऐकू येतो तो याच समृद्धीमुळे. कारण मूळ स्वराचा पाचपट उपस्वर हा गांधारच असतो. दुप्पट उपस्वर म्हणजे वरचा षड्ज आणि तिप्पट म्हणजे त्याच्या वरचा पंचम.

मिरजेचे तंबोरे घडविणारे कारागीर हे काम कानाने करतात. जवारी अधिक उघडली तर स्वर करकरतो, कमी उघडली तर तो मिटतो. येथे एक महत्त्वाचा फरक लक्षात घेतला पाहिजे. जवारी एका वाद्याची, गायकाच्या पट्टीशी जुळविलेली असते. उलट प्लगइन बहुधा संपूर्ण मिश्रणावर लावले जाते. प्रश्नाची खरी सुरुवात येथून होते.

मर्यादा : स्वरांचा हिशेब

विरूपण करणाऱ्या यंत्रातून एकच स्वर गेला तर त्याचे उपस्वर सुसंवादी असतात. दोन स्वर एकदम गेले तर त्यांच्या बेरजा आणि वजाबाक्याही निर्माण होतात. षड्ज २४० हर्ट्झ आणि पंचम ३६० हर्ट्झ घेतला तर त्यातून १२० आणि ६०० हर्ट्झ हे स्वर उद्भवतात. पहिला खर्जातील षड्ज, दुसरा गांधार. हे फलित कानाला सुखद वाटते. परंतु त्याच षड्जासोबत २५६ हर्ट्झचा कोमल ऋषभ वाजला तर १६, ४९६, २२४ आणि २७२ हर्ट्झचे अंश उमटतात. त्यांना कोणत्याही रागात सुसंगत स्थान नाही. तोडी किंवा मारवा यांसारख्या रागात, अखंड तंबोऱ्यावर स्वर घसरत असताना, संपूर्ण मिश्रणावर लावलेली ‘ऊब’ गढूळपणा आणते, ती या कारणाने. कोमल ऋषभाचा षड्जाशी असलेला ताण हाच ज्या रागाचा प्राण, तेथे त्या ताणाभोवती अनाहूत स्वर जमा होणे ही केवळ तांत्रिक बाब राहत नाही. भारतीय संगीतात अशी प्रक्रिया करावयाचीच असेल तर ती एकेका वाद्याच्या मुद्रणावर, अल्प प्रमाणात करणे श्रेयस्कर.

दुसरी मर्यादा संगणकाची आहे. सेकंदाला ४४,१०० नमुने घेणारी व्यवस्था २२,०५० हर्ट्झच्या वरचे काहीही धारण करू शकत नाही. ९,००० हर्ट्झच्या अंशाचा तिप्पट उपस्वर २७,००० हर्ट्झवर पडतो. तो मावत नसल्यामुळे परावर्तित होऊन १७,१०० हर्ट्झवर प्रकटतो, आणि त्याचे मूळ स्वराशी सुसंवादी नाते नसते. झांज, टाळ, घुंगरू यांच्या मुद्रणात असे परके अंश साचून एक प्रकारची कृत्रिम चरचर निर्माण करतात. प्लगइनमध्ये अंतर्गत नमुनादर वाढविण्याची सोय असल्यास ती वापरणे हाच यावरील उपाय.

तिसरी मर्यादा श्रोत्याच्या कानाची. समान ध्वनी किंचित मोठा केला की तो अधिक भरदार भासतो. फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ साली दाखविले की, ध्वनीची पातळी वाढली की मंद्र स्वरांची जाणीव तुलनेने अधिक वाढते. बहुतेक ‘ऊब’ देणारी प्लगइन लावताच पातळी वाढते. तेव्हा ऐकणाऱ्याला आवडते ती ऊब की केवळ मोठा झालेला आवाज, हे पातळी समान केल्याशिवाय ठरविता येत नाही. या कसोटीवर अनेक स्तुतिपाठ गळून पडतात.

उपयोगाची बाजूही नोंदविली पाहिजे. ढोलाचा ६० हर्ट्झचा मूळ स्वर भ्रमणध्वनीच्या लहानशा ध्वनिक्षेपकातून ऐकू येत नाही. परंतु त्याचे १२०, १८०, २४० हर्ट्झचे उपस्वर उपस्थित असतील तर मेंदू त्यावरून मूळ स्वराची कल्पना करतो. येथे सौम्य विरूपण ढोलाला श्रोत्यापर्यंत पोहोचविते. हा प्रतिकृतीचा प्रामाणिक उपयोग होय.

‘बालगंधर्व’ आणि काळाचा प्रश्न

खरा वाद ऊब गतकाळाची खूण म्हणून वापरली जाते तेव्हा उभा राहतो. या संदर्भात नितीन देसाई यांचीच निर्मिती असलेला ‘बालगंधर्व’ (२०११) हा चित्रपट विचारात घेण्याजोगा आहे. रवी जाधव यांनी दिग्दर्शित केलेल्या या चित्रपटाला कौशल इनामदार यांचे संगीत असून गायनासाठी आनंद भाटे यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. येथे जुना काळ नेपथ्य, वेशभूषा आणि रंगभूषा यांतून उभा केला आहे. गाण्यात मात्र तो तबकडीच्या खरखरीतून आणण्याचा सोपा मार्ग पत्करलेला नाही; तो गायकीतून, शब्द उच्चारण्याच्या आणि स्वराला लडिवाळपणे वळविण्याच्या रीतीतून आला आहे. श्रोत्याला बालगंधर्वांचे स्मरण होते ते गळ्यामुळे, यंत्रामुळे नव्हे.

ही निवड इतिहासाच्या दृष्टीनेही योग्य ठरते. ‘संगीत मानापमान’ रंगभूमीवर आले १९११ साली. त्या काळातील तबकडीचे ध्वनिमुद्रण कर्ण्यात गाऊन होत असे. कर्ण्याच्या टोकाची सुई मेणावर खाचा कोरी. त्या प्रक्रियेत ध्वनिवर्धनासाठी नलिका नव्हती, फीत तर नव्हतीच. मायक्रोफोन आणि नलिका यांवर आधारलेले विद्युत ध्वनिमुद्रण १९२५ पासून व्यापारात आले. चुंबकीय फीत व्यावसायिक स्टुडिओंत रुळली ती १९४० च्या दशकाच्या अखेरीनंतर. म्हणजे ‘ॲनालॉग’ या एका शब्दाखाली किमान तीन वेगवेगळी युगे दडलेली आहेत. १९११ चे वातावरण निर्माण करण्यासाठी फितीचे प्लगइन लावणे म्हणजे शिवकालीन सेटवर विजेचा दिवा टांगण्यासारखे आहे. डोळ्याची चूक प्रेक्षक तत्काळ पकडतो. कानाची चूक मात्र ‘जुने वाटते’ एवढ्या समाधानावर खपून जाते.

शिवाय त्या तबकड्यांत तीन-साडेतीन मिनिटांत पद आटोपावे लागे. रंगमंचावर ‘वन्समोर’च्या गजरात फुलत जाणारे गाणे तेथे आक्रसलेले आहे. ऑर्गन, सारंगी आणि तबला यांच्या साथीत नाट्यगृहात जे घुमत असेल, त्याची ऊब नाट्यगृहाची आणि माणसांच्या गर्दीची होती. कोणतेही प्लगइन ती देऊ शकत नाही. ते फार तर तिच्या अपुऱ्या नोंदीची नक्कल करू शकते.

जिवंत गाणे जुने करण्याचा धोका

कर्जत आणि खालापूर तालुक्यांत ठाकर आणि कातकरी वस्त्या आहेत. त्यांची गाणी आजही गायिली जातात. भ्रमणध्वनीवर ती सहज मुद्रित होतात. महाविद्यालयीन प्रकल्पांतून त्यांचे संकलन करणेही शक्य आहे. अशा मुद्रणावर फितीची सळसळ, बोथट तार स्वर आणि गतीचा कंप चढविला की ते ‘अस्सल’ वाटू लागते. परंतु या अस्सलपणाचा अर्थ काय? आज समोर बसून गाणारी स्त्री श्रोत्याला अर्धशतकापूर्वीची, विरून गेलेली भासते. तिचे गाणे वर्तमानातून उचलून संग्रहालयात ठेवले जाते, आणि तेही तिला न विचारता. चित्रपटाचा सेट स्वतःला सेट म्हणवून घेतो. दस्तऐवज म्हणून सादर केलेले मुद्रण तसे करीत नाही. ऊब येथे सौंदर्याची बाब न राहता साक्षीत केलेला फेरफार होते.

समारोप

वरील विवेचनावरून असे म्हणता येईल की, ॲनालॉग ऊब देणारी प्लगइन त्याज्य नाहीत. ती जवारीच्या कुळातील आहेत. जवारीप्रमाणेच ती एका वाद्यासाठी, कानाने, मोजून लावली पाहिजेत. पातळी समान करून ऐकल्यावरही जी टिकते तीच ऊब ग्राह्य धरावी. काळ सूचित करावयाचा असेल तर कोणता काळ आणि त्या काळाचे यंत्र कोणते, याचे भान ठेवावे. आणि क्षेत्रकार्यात केलेले मूळ मुद्रण कोणत्याही प्रक्रियेविना स्वतंत्र जतन करावे. प्रक्रिया केलेल्या प्रतीवर तशी स्पष्ट नोंद असावी. प्लास्टरचा किल्ला चित्रपटापुरता खरा असतो. परंतु त्याचे छायाचित्र इतिहासाच्या पुस्तकात छापले जाऊ नये, एवढी दक्षता अभ्यासकाने घ्यावयाची असते. ध्वनीच्या बाबतीत ती अद्याप पुरेशी घेतली जात नाही.