परिक्रमा आणि कथनाचा आकार

यात्रेचा आकार तिच्या कथनावर काय परिणाम करतो, हा प्रश्न मराठी प्रवासवाङ्मयाच्या अभ्यासात अगत्याचा आहे. रेणापूरच्या रेणुकादेवीला भाविक जी प्रदक्षिणा घालतो, ती काही पावलांत पुरी होते. नर्मदेची परिक्रमा तत्त्वतः तीच क्रिया होय. मात्र १,३१२ किलोमीटर लांबीच्या नदीचे दोन्ही तीर चालावयाचे असल्याने तिचे अंतर अडीच हजार किलोमीटरांहून अधिक भरते. नदी सदैव उजव्या हाताला ठेवावयाची, तिचे पात्र ओलांडावयाचे नाही, अमरकंटकला उगमापाशी वळसा घ्यावयाचा आणि सागरसंगमी नावेतून पलीकडचा तीर गाठावयाचा, असा तिचा दंडक आहे.

पंढरीच्या वारीला गंतव्य असते. त्यामुळे तिच्या वर्णनात उत्कंठा आपोआप चढत जाते. परिक्रमा जेथून निघाली तेथेच संपते. पोहोचण्याची उत्कंठा येथे कथनाला आधार देत नाही. मग अर्थ कशातून निर्माण व्हावयाचा?

गो. नी. दांडेकर यांनी स्वतः ही परिक्रमा केली होती. तथापि ‘कुणा एकाची भ्रमणगाथा’ लिहिताना त्यांनी कादंबरीचे रूप पत्करले. शीर्षकातील ‘कुणा एकाची’ हे पद अर्थपूर्ण आहे. चालणारा आपले नाव मागे ठेवतो आणि वाचकाचे लक्ष ‘मी काय पाहिले’ यावरून ‘चालण्याने माणसाचे काय झाले’ याकडे वळते. स्थळ तेच, परंतु परतणारा तो नव्हे. या अंतरातच वर्तुळाकार यात्रेचे नाट्य आहे.

जगन्नाथ कुंटे यांच्या ‘नर्मदे हर हर’ या पुस्तकाचा मार्ग निराळा आहे. तेथे लेखक स्वनामाने साक्ष देतो आणि अलौकिक अनुभवांना मोठे स्थान मिळते. साक्षीची उत्कटता हे या प्रकाराचे बळ होय. परंतु प्रत्येक मुक्कामी एक अद्भुत प्रसंग आला की प्रसंगांची माळ होते, वर्तुळ होत नाही. श्रद्धेची सत्यासत्यता ठरविणे हे समीक्षेचे काम नाही; अनुभवाला आकार लाभला की नाही, एवढेच तिने पाहावे.

या प्रश्नाला आज आणखी एक बाजू आहे. २०१७ साली लोकार्पण झालेल्या सरदार सरोवर धरणाच्या जलाशयाखाली शूलपाणीच्या झाडीतील जुन्या वाटेचा मोठा भाग गेला; नंदुरबार जिल्ह्यातील नर्मदाकाठची आदिवासी गावेही त्या पाण्यात बुडाली. बुडालेली वाट पुन्हा चालता येत नाही. ती केवळ वाचता येते. म्हणून परिक्रमाग्रंथांकडे पाहताना यात्रिकाच्या अंतरंगाइतकेच मुक्काम, पायवाटा आणि त्याला भाकर देणारे हात यांच्या नोंदीचेही मूल्यमापन झाले पाहिजे. ज्या ग्रंथात आत्मशोधाच्या भरात काठावरची माणसे पुसट होतात, तो नदीभोवती फिरला, असे म्हणणे कठीण आहे; तो स्वतःभोवतीच फिरला.