चांभारचौकशी

आपल्या भाषेला पायातल्या वस्तूंचं फारसं प्रेम नाही. कुणाचा अपमान करायचा असला की जोडा आठवतो, कुणाची पायरी दाखवायची असली की वहाण आठवते आणि कचेरीत काम होईनासं झालं की चपला झिजतात. नवरा-बायकोला मात्र आपण ‘जोडा’ म्हणतो. नवेपणी चावतो आणि मुरला की सोडवत नाही, हे साम्य पाहता तेवढा एक शब्द तरी पूर्वजांनी विचार करून ठेवला असावा.

पुस्तकावर परीक्षण येतं, नाटकावर येतं, गाण्याच्या मैफलीवर तर गायक घरी पोचायच्या आत येतं. बुटावर मात्र येत नाही. दीडशे रुपयांच्या कवितासंग्रहावर तीन-तीन पानं खर्ची पडतात. तीन हजारांच्या बुटावर कुणी तीन ओळी लिहीत नाही. खरं तर कविता आवडली नाही तर मिटून ठेवता येते. बूट आवडला नाही तरी तो घालून संध्याकाळी घरी यावंच लागतं. तेव्हा ही समीक्षा मीच करायची ठरवली. अधिकार काय, म्हणाल तर अनुभव.

झालं असं. चार वर्षांपूर्वी एका मोठ्या, काचेच्या, थंडगार दुकानातून मी काळे बूट घेतले. किंमत घरी सांगताना थोडी खाली आणून सांगितली. एवढे महागाचे म्हणून ते रोज घातले नाहीत. मूळच्या खोक्यात, मूळच्या कागदात गुंडाळून कपाटात ठेवले. चार वर्षांत पाच वेळा घातले असतील. सहावी वेळ भाचीच्या लग्नाच्या स्वागत समारंभाची. आहेराचं पाकीट घेऊन मी लाल गालिच्यावरून निघालो, तोच मागून हिचा आवाज, “अहो, मागे काय सांडत चाललाय?”

वळून पाहिलं तर काळ्या तुकड्यांची रांग. एक चिमुरडी तुकडे गोळा करत माझ्या मागून येत होती. “आजोबा, तुमचा केक पडला,” म्हणाली. व्यासपीठाच्या पायरीवर उजव्या बुटाचा तळ गालिच्यावरच राहिला आणि मी वरच्या अर्ध्या बुटानिशी वधूवरांना आशीर्वाद दिले. फोटोत माझा चेहरा गंभीर आला आहे. मुलाकडच्यांनी त्याचा अर्थ भलताच घेतला, असं नंतर कळलं.

दुसऱ्या दिवशी ते अवशेष पिशवीत घालून कोपऱ्यावरच्या मामांकडे गेलो. मामा म्हणजे आमच्या चौकात कडुनिंबाखाली आरी, रापी आणि लोखंडी तिपाई घेऊन बसणारे चर्मकार. त्यांनी बूट हातात घेतला, तळ चिमटीत धरून चुरला आणि विचारलं, “कितीदा घातले साहेब?”

“पाचदा. अगदी जपून!”

“मग बरोबर. हे वापरून नाही गेले. ठेवून गेले.”

मला वाटलं मामा तत्त्वज्ञान सांगताहेत; पण ते रसायनशास्त्र होतं. असले हलके, मऊ तळ बहुधा पॉलियुरेथेन नावाच्या प्लास्टिकचे असतात. हवेतला ओलावा त्यात हळूहळू शिरतो आणि त्याची रासायनिक वीण उसवत नेतो. बंद खोक्यात, आपल्या दमट हवेत, हे काम निवांत चालतं. वरून बूट नवा कोरा दिसतो आणि आतून त्याचा रवा झालेला असतो. म्हणजे मी चार वर्षं जे जपत होतो, ते बूट नव्हतेच. त्यांचं खोकं होतं.

“घेताना विचारलं नाहीत?” मामांनी विचारलं. आता काय विचारायचं असतं? मी रंग विचारला होता आणि आणखी किती टक्के सूट मिळेल ते विचारलं होतं. मग मामांनी चार प्रश्न सांगितले. उगाच खोदून खोदून विचारणाऱ्याला आपण ‘चांभारचौकशा करू नकोस’ म्हणतो. मामांचे प्रश्न ऐकले आणि हा शब्द इतकी वर्षं आपण किती कृतघ्नपणे वापरत आलो ते कळलं. बुटापुरती तरी तीच खरी समीक्षा. बाकीच्या समीक्षेत परिभाषा जास्त.

पहिला प्रश्न: शिवलेला की चिकटवलेला? चिकटवलेला तळ सुटला की बहुधा बूट संपला. चांगल्या बुटाच्या कडेनं चामड्याची एक पट्टी फिरते. तिला वेल्ट म्हणतात. वरचा भाग त्या पट्टीला शिवायचा आणि तळही त्या पट्टीलाच शिवायचा, अशी सोय. तळ झिजला की टाके उसवून नवा लावता येतो आणि वरच्या कातड्याला धक्काही लागत नाही. ही शिलाई करणारं यंत्र १८७० च्या आसपास अमेरिकेत धाकट्या चार्ल्स गुडइयरच्या नावानं पुढं आलं. रबर टिकाऊ करणारा गुडइयर तो याचा बाप. मुलानं चामड्यात नाव काढलं. पण नुसते टाके दिसले म्हणून भुलू नका. पुष्कळ बुटांवर टाक्यांची नुसती नक्षी असते, खाली गोंदच.

दुसरा: कातडं कुठल्या थरातलं? ‘जेन्युइन लेदर’ असा शिक्का पाहून आपण सुखावतो. त्याचा अर्थ एवढाच, की हे कातडं आहे. चांगलं आहे, असं तो शिक्का म्हणत नाही. वरचा अखंड थर सर्वांत मजबूत. खालचा थर सोलून वर प्लास्टिकचा लेप दिला तरी पुष्कळदा ते कातडं म्हणूनच विकलं जातं. बूट वाकवून पाहावा. खऱ्या कातड्यावर बारीक, जिवंत सुरकुत्या पडतात. लेपावर जाड घडी पडते आणि काही महिन्यांत तिथंच पापुद्रा निघतो.

तिसरा: पाय कुठला मोजला? बूट संध्याकाळी घ्यावा, कारण दिवसभरात पाय फुगतो. दोन्ही पाय सारखे नसतात, म्हणून मोठ्या पायाच्या मापानं घ्यावा. “वापरून सैल होईल” हे विक्रेत्याचं वाक्य अर्धंच खरं मानावं. कातडं रुंदीला थोडं सैल पडतं, लांबीला वाढत नाही.

चौथा प्रश्न बुटाला नव्हता, मला होता. “रोज ब्रश माराल का?”

इथं मी गप्प. टिकाऊ वस्तू म्हणजे जिच्याकडे पाहावं लागत नाही ती, अशी माझी समजूत होती. मामांचं मत उलटं. जिच्याकडे पाहिलं की ती पुन्हा उभी राहते, ती टिकाऊ. पायाचा घाम कातडं पितं, म्हणून एक दिवस घालावं आणि एक दिवस विश्रांती द्यावी. दोन जोड आलटून पालटून वापरले तर दोघांचंही आयुष्य वाढतं. भिजले तर आत वर्तमानपत्र कोंबून सावलीत वाळवावेत. चुलीशी किंवा उन्हात ठेवले की कातडं पापडासारखं तडकतं. पॉलिशच्या आधी धूळ झाडावी, नाही तर आपण धुळीलाच पॉलिश करतो. हे शेवटचं मी आयुष्यभर करत आलो होतो.

खरं म्हणजे हे सगळं आमच्या घरात जुनंच होतं. वडिलांची कोल्हापुरी आठवते. बाभळीच्या सालीनं आणि हिरड्यानं कमावलेलं कातडं, खिळा म्हणून नाही, सगळी शिवण चामड्याच्या वादीची. नवी आणली की आठवडाभर वडील लंगडत. रोज रात्री तिला तेल पाजत. ती मऊ झाली की करकरत ऐटीत निघत. मृगाचा पहिला थेंब पडायच्या आत ती माळ्यावर जाई, कारण भिजणं तिला सोसत नाही. समीक्षक म्हणून दोष सांगायचा तर एवढाच: ती वर्षातले चार महिने रजेवर असते. पण हा दोष ती लपवत नाही. माझ्या काळ्या बुटांनी लपवला होता.

२०२५ च्या जूनमध्ये मिलान शहरात प्राडा कंपनीनं आपल्या प्रदर्शनात थेट कोल्हापुरीसारखे सँडल मिरवले आणि कोल्हापूरचं नावही घेतलं नाही. गदारोळ झाल्यावर मूळ प्रेरणा कबूल केली. महाराष्ट्रातले चार आणि कर्नाटकातले चार अशा आठ जिल्ह्यांच्या कारागिरीला भौगोलिक मानांकन आहे. आम्हाला राग येणारच. मीही दिवाणखान्यात उभा राहून त्वेषानं बोललो. बोलता बोलता खाली पाहिलं, तर माझ्या पायात रबरी सपाता होत्या. घरात एकही कोल्हापुरी नव्हती. मिलानवाल्यांनी निदान पायात तरी घातली होती.

परवा मामांकडे नवे बूट दाखवायला गेलो. शिवलेले, वाकवून पाहिलेले, संध्याकाळी घेतलेले. मामांनी उलटेपालटे करून पाहिले आणि मान डोलावली. एवढी दाद मला आजवर कुणी कशालाच दिली नव्हती.

“किती वर्षं टिकतील मामा?”

“दोनदा तळ बदललात तर दहा-बारा वर्षं जातील.”

“मग दोन वेळा तुमच्याकडे येणं आलंच!”

मामा हसले. त्यांचा मुलगा मोबाइलच्या दुकानात काचेवर पारदर्शक कागद चिकटवतो. दिवसाला मामांच्या आठवड्याएवढं मिळवतो. त्याला आरी धर म्हणायला मामांचं मन होत नाही, आणि ज्यांनी मामांसमोर बूट काढून उभं राहताना कधी त्यांचं नावही विचारलं नाही, त्या आम्हाला तर तसं म्हणायचा हक्कच नाही.

म्हणून पाचवी चांभारचौकशी माझी मीच जोडली आहे. बूट दहा वर्षं टिकेल, हे मान्य. त्याचा तळ बदलणारा टिकेल का? तो टिकायचा तर आपण त्याच्याकडे जायला हवं, आणि तो सांगेल ते पैसे घासाघीस न करता द्यायला हवेत. त्या दिवशी जाताना मी मामांचं नाव विचारलं. वीस वर्षांच्या ओळखीनंतर. त्यांनी सांगितलं आणि मग माझं विचारलं.

सध्या रोज सकाळी मी ब्रश मारतो. ही म्हणते, “इतकी वर्षं माझ्याकडे असं कधी पाहिलं नाहीत.” मी म्हटलं, जोडा म्हटला की निगा आलीच. त्यावर तिनं माझ्या हातात दुसरा ब्रश दिला, तिच्या चपलांसाठी.